पंधरा नंबरचा पाना

सुखदेव मेश्रामांच्या सायकलच्या सीटखाली जाड खाकी कापडाची एक गुंडाळी बांधलेली असे. शीलाबाईंनी ती शिवली होती, अकरा कप्प्यांची. कप्पे हत्यारांच्या आकारानुसार नव्हते, कामाच्या क्रमानं होते. आधी काय सोडवायचं, मग काय ओढायचं, शेवटी काय आवळायचं, तसा हात डावीकडून उजवीकडे सरकायचा. तिसऱ्या कप्प्यात मागच्या चाकाचा पंधरा नंबरचा पाना. डोळे मिटूनही तो हाताला लागे.

या गुंडाळीच्या जिवावर ते मयूर विहारहून कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या सरकारी कचेरीत बावीस वर्षं गेले आणि एकदाही उशीर केला नाही. यात गंमत नव्हती, हट्ट होता. पंचाऐंशी साली पहिल्याच दिवशी सुपरिंटेंडेंटनं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "कोटे से आते हैं, मर्ज़ी से आते हैं." नऊ वाजून दहा मिनिटांनी हजेरीपट साहेबांच्या टेबलावर जातो आणि गैरहजर नावापुढे तांबडी फुली पडते, ती आपल्या नावापुढे कधी पडू द्यायची नाही, एवढंच सुखदेवांनी ठरवलं. नोकरीतले सगळे मानापमान त्यांनी त्या एका रिकाम्या चौकटीत जिरवले होते.

आणि हे सगळं त्यांच्या चिरंजीवांनी एका रविवारी निकालात काढलं.

सिद्धांत नोएडात सॉफ्टवेअरच्या कंपनीत लागून वर्ष झालं होतं. त्याचे वरिष्ठ श्रीपाद दामले, पुण्याचे, मेश्रामांच्या घरापासून दोन बिल्डिंगा सोडून राहत. त्यांनी रविवारी सायकल चालवणाऱ्यांचा ग्रुप काढला होता. अठरा गिअरच्या सायकली, हेल्मेटं, नोएडातले नवे रिकामे रस्ते, आणि नंतर पराठे. ग्रुपला हत्यारांची पेटी हवी होती. ती मी बनवतो, असं सिद्धांतनं पुढे होऊन सांगितलं. सुखदेव आणि शीलाबाई त्या दिवशी एका मंगल परिणयाला गेले होते. मागे यानं गुंडाळी सोडून हत्यारांचे दोन ढीग केले, एक ऑफिसचा, एक वीकएंडचा. बाबा तर रोज शहरातूनच जातात, त्यांना पंप आणि पंक्चरचं सामान बास झालं, असा हिशेब. जड ते सगळं पेटीत गेलं. रिकाम्या कप्प्यांत त्यानं बाजारातली पंक्चरची नवी पाकिटं कोंबली आणि गुंडाळी पहिल्यासारखी जाडजूड करून सीटखाली बांधून ठेवली. विचारलं कुणाला नाही, सांगितलंही नाही.

सोमवारी कचेरीला जाताना निजामुद्दीनच्या पुलावर मागचा नट ढिला झाला, चाक तिरकं होऊन चिमट्यात अडकलं. सुखदेवांनी सवयीनं तिसऱ्या कप्प्यात हात घातला. हातात पंक्चरचं पाकीट आलं. त्यांनी सगळे कप्पे उलटेपालटे केले, बोटांनी नट पिळून बघितला, नखं काळी झाली. शेवटी सायकल कठड्याला कुलुपानं अडकवून, गुंडाळी सोडून काखेत मारून बस धरली. कचेरीत पोचले तेव्हा नऊ सतरा झाले होते.

फुली पडलेली होती. शेजारच्या टेबलावरच्या दिलीपनं चहा मागवला आणि हसत म्हणाला, "चलो मेश्रामजी, आज आप भी." सेक्शनमधले चारजण हसले. त्यांना बरं वाटलं होतं, आणि ते लपवायचीही त्यांना गरज वाटली नाही. सुखदेवांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा तसाच निवला.

संध्याकाळी त्यांनी सिद्धांतला समोर उभं केलं. तो आधी हसला. बावीस वर्षांत एक लेट मार्क म्हणजे काय यार, आमच्याकडे कुणी कधीही येतं. तुमच्याकडे कुणी तुम्ही चुकायची वाट बघत बसलेलं नाही, असं सुखदेवांनी सुनावलं आणि पाना मागितला. पेटी दामले सरांच्या गाडीत होती. आत्ता मागितली तर बरं दिसणार नाही, सरांना काय वाटेल, असं पोरगं म्हणालं.

सुखदेव चपला घालून, रिकामी गुंडाळी घेऊन निघाले. सिद्धांत मागे धावला.

दामले भला माणूस. चहाचा आग्रह केला, खाली येऊन गाडीची डिकी उघडली. पेटीत काळ्या फोममध्ये सगळी हत्यारं लहानापासून मोठ्यापर्यंत मांडलेली, प्रत्येकावर इंग्रजीत चिठ्ठी. दामले कौतुकानं म्हणाले, "सिद्धांतचं काम फार नीट असतं हं. घरात जुनी हत्यारं नुसती पडून होती, कुणाच्या उपयोगाची नाहीत म्हणाला, तर बघा त्यांचं काय केलंय."

सुखदेवांनी एकदाच वळून मुलाकडे बघितलं. मग गुंडाळी डिकीत पसरली, एकेक चिठ्ठी ओरबाडून काढली आणि हत्यारं आपापल्या कप्प्यांत घातली. एकही कप्पा चुकला नाही. दामले गोंधळून विचारत होते की रविवारचं काय करायचं.

"पडून नव्हती ती," सुखदेव म्हणाले. "बावीस वर्षं कामावर जात होती."

घरी परतताना सुखदेव पुढे, सिद्धांत दहा पावलं मागे. रात्री शीलाबाईंनी दोघांची तोंडं बघितली आणि ताटं वाढली. सकाळी साडेसातला सुखदेव गुंडाळी काखेत मारून पुलावरची सायकल आणायला निघाले, तर सिद्धांत दारात उभा. डोळे सुजलेले. आज ऑफिसची कॅब लवकर बोलावतो आणि तुम्हाला पुलावर सोडतो, म्हणाला. उद्यापासून रोज कचेरीतही सोडेन.

सुखदेवांनी पायात बूट चढवले, नाड्या घट्ट बांधल्या.

"तू नऊला उठतोस," ते म्हणाले. "नऊ दहाला माझ्या नावावर फुली मारतात."