अनुभव (असल्यास)

अर्जदाराचे नाव: सिद्धेश्वरी. पुढचं आधारकार्डावर आहे.

शिक्षण: बी.कॉम., प्रथम श्रेणी, सोलापूर.

अनुभव (असल्यास, किमान सहा महिने, पत्र न जोडल्यास अर्ज बाद):

आहे. नाही. रकाना दीड इंचाचा आहे, त्यामुळे समासात लिहिते. समास संपला की मागे पाहावे.

अक्कलकोट रोडला टॉवेलचा एक कारखाना आहे. तिथं मी आठ महिने इंटर्न होते. मालक अनिलकुमार सर. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "पगाराचं मनात आणायचं नाही. इथं अनुभव मिळतो." माझ्या आधीचे इंटर्न कुंडलिकभाऊ, जेऊरचे, वय एकतीस, दोन मुलं. तीन वर्षांनी त्यांना बढती म्हणून खुर्ची मिळाली होती. बसायला वेळ मिळाला नव्हता.

घरी अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, रत्नम्मानं विचारलं, "पगार किती गं?"

"पगार नाही अव्वा. अनुभव मिळतो."

तिच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. "हौदा? खरंच? अनुभव?"

हा शब्द तिनं मंद्रूपच्या मठात लहानपणापासून ऐकलेला. बसवण्णांचा अनुभव मंटप, तिथं देवाच्या अनुभवासाठी बसलेले शरण, म्हणजे संत. अनुभव येता येता स्वामींच्या दाढ्या पिकतात, आणि आपल्या मुलीला तो दहा ते सात मिळणार, रविवारी सुट्टी. तिनं माझ्या कपाळाला विभूती लावली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण त्यानंतर तिनं पगाराचं विचारणं सोडलं.

रोज संध्याकाळी: "आला का गं?"

"अजून नाही अव्वा."

"येईल की. घाई करू न्हाय."

(मागे पाहावे.)

मग तुमची जाहिरात आली. मी सरांकडे पत्र मागितलं. "देऊ की! अजून जरा अनुभव घे." पुढच्या आठवड्यात मागितलं. "घे की अजून." शेवटची तारीख पाच दिवसांवर आली तेव्हा मी घरी रडले. "आठ महिने झाले, सर अनुभवाचं पत्रच देईनात!"

अव्वा चिडली. "पत्र द्यायची वेळ आली, म्हणजे अनुभव आला! आणि घरात सांगितली न्हाईस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गल्लीतल्या अकरा बायकांना घेऊन कारखान्याच्या दारात. सगळ्यांच्या कपाळाला विभूती.

"अनुभव देतेत ते तुमीच का?"

सरांनी बायका पाहिल्या. मग त्यांचे हात पाहिले. "मीच. या की अव्वा. पण नुसतं बसून मिळत नाही. घड्या घालाव्या लागतात."

"कायक, देवाची सेवा म्हणून काम करायचं म्हणा की सरळ," अव्वा म्हणाली आणि पदर खोचला.

एक वाजेपर्यंत दोन दिवसांची ऑर्डर घडी घालून तयार. कुंडलिकभाऊ पहिल्यांदा खुर्चीवर बसले आणि भीतीनं परत उठले.

एक वाजता अव्वानं हात धुतले. बाराजणी जमिनीवर ओळीनं बसल्या.

"वाढा."

"काय वाढू?"

"कायक झालं, आता दासोह. मठात सेवा केली की पंगत बसती. का तुमच्यात राबवून उपाशी धाडतेत?"

सरांच्या कपाळालाही विभूती होती. मागे सिद्धरामेश्वरांचा फोटो, पुढे हमाल बघत उभे. सरांनी हॉटेलातून भाकरी-आमटी मागवली. अव्वानं चव घेतली. "हुग्गी न्हाय? अनुभवाच्या जागी गोड न्हाय?"

दुसऱ्या दिवशी सव्वीस बायका. तिसऱ्या दिवशी साठ, त्यात मंद्रूपहून एक टेम्पो. टॉवेल संपले, म्हणून त्यांनी घातलेल्या घड्या मोडून परत घातल्या. रंगखात्यात गव्हाची हुग्गी शिजू लागली. परदेशी जाणाऱ्या मालाला वेलदोड्याचा वास यायला लागला.

चौथ्या दिवशी सरांनी हात जोडले. "अव्वा, मी पगार देतो. सगळ्यांना, रोजच्या रोज. फक्त जेवायला मागू नका."

अव्वानं कानांवर हात ठेवले. "अनुभवाचे पैसे घेऊ व्हय? लई पाप लागंल!"

"सर, मी घेतो की," मागून कुंडलिकभाऊ म्हणाले. कोणी वळून पाहिलं नाही.

आधीची जागा सोडण्याचे कारण:

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "पत्र देतो, आत्ता देतो. पण अव्वांना घेऊन जा." लिहिलंसुद्धा: "सिद्धेश्वरी यांना आमच्याकडे मोलाचा अनुभव आला." सही तेवढी राहिली होती. अव्वा दारात आली. तिनं ते मोठ्यानं वाचायला लावलं, मग माझ्याकडे वळली.

"सिद्दू, खरं सांग. आला?"

साठ बायकांचे हात थांबले. होय म्हटलं असतं तर पत्र हातात होतं.

"नाही अव्वा. मी टॉवेल मोजले. चहा आणला. तुला आठ महिने खरं सांगितलं नाही."

अव्वानं ते पत्र सरांपुढं परत सरकवलं. मग सरांना म्हणाली, "मग जे झालं ते लिवा."

"असलं पत्र कोणी देत नाही हो!"

"ऱ्हाऊ दे मग. आमी उद्या येतो. उद्या अमावास्या. अक्कलकोटची माणसंबी येतील."

सरांनी नवा कागद घेतला.

सोबत जोडलेली कागदपत्रे: पदवीची प्रत. पत्र, मूळ प्रत, सही-शिक्क्यासह. त्याचा मजकूर इथेही उतरवते, कारण शिक्का अक्षरांवर पडला आहे:

"सिद्धेश्वरी हिने आमच्याकडे आठ महिने टॉवेल मोजले, घड्या घातल्या, परदेशचे फोन घेतले. मोजणीत एकही चूक नाही. तिला मोबदला दिला नाही. जेवलीस का, असे कोणी विचारले नाही. तिला अनुभव आलेला नाही. काम येते."

अपेक्षित वेतन: होय, अपेक्षित आहे.