ताटांची अदलाबदल

कुलूपवाल्याचा डावा हात आणि निम्मा घसा एकाच दिवशी गेला. दुकानात कुणाची तरी किल्ली घासत होता. कानस हातातून पडली, ती उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. पुढे हातात थोडीफार हालचाल आली, बोबडं का होईना पण बोलणंही आलं. घसा मात्र परत आला नाही. साधं पाणी प्यायलं तरी ते नको त्या वाटेने जायचं आणि माणूस खोकून खोकून निळा पडायचा. एकदा असंच काहीतरी आत गेलं, ताप चढला आणि छातीत पू झाला. त्यातून कसाबसा वाचला.

हॉस्पिटलात गिळायला शिकवणारी एक बाई होती. वयाने तरुण, पण बोलायला कडक. तिने नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं, "सगळं वाटून, घट्ट करून द्यायचं. छोटा चमचा. हनुवटी छातीला लावायची, एका घासाला दोनदा गिळायचं. तोंडात घास असताना बोलायचं नाही. आणि नीट ऐका. पुन्हा अन्न फुप्फुसात जाऊन ताप आला, तर तोंडाने खाणं बंद. मग पोटाला भोक पाडून नळी बसवावी लागेल."

"म्हातारपणी गिळायला शिकतोय," कुलूपवाला बायकोला म्हणाला. "लहानपणी फुकट येत होतं."

बायको हसली नाही. नळीचं ऐकताना त्याने बिछान्याची कड कशी घट्ट धरली, ते तिने पाहिलं होतं.

कारण हा माणूस खाण्यावर जगणारा. लोकांच्या घरी अडकलेली कुलपं उघडायला जायचा, तेव्हा दाराशी बसल्या बसल्या आत काय शिजतंय ते वासावरून सांगायचा. कुलूप उघडलं की घरातल्या बाईला विचारायचा, "ताई, कांदा जरा जास्त परतलात ना?" बायका आधी रागवायच्या, मग वाटीत घालून द्यायच्या. घरी येऊन ते वर्णन बायकोला ऐकवायचा आणि वर म्हणायचा, "तुझ्या हातची सर नाही हं." हे शेपूट तो भीतीपोटी जोडतो, असं बायको म्हणायची.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दोघं कोपऱ्यावरच्या खाणावळीत जेवायची. मुलगी लहान असल्यापासूनचा रिवाज. त्यात एक नियम होता. दोघांनी कधी एकच पदार्थ मागवायचा नाही. तो एक घेणार, ती दुसरा. अर्धं होईपर्यंत कुणी चवीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. अर्धं झालं की ताटं बदलायची, आणि मग वादाला सुरुवात. कुणाचं चांगलं, मिरी कुठे जास्त झाली, मासा कालचा की आजचा. ते तसं का सुरू झालं, दोघांनाही आठवत नव्हतं. ताटं बदलायची वेळ झाली, असंही कुणी म्हणत नसे. एकाने ताट सरकवलं की दुसऱ्याचं आपोआप निघायचं. मग आठवडाभरात बायको त्यातला एखादा पदार्थ घरी करून बघायची. जमला तर कुलूपवाला म्हणायचा, "चोरी पचली." नाही जमला तर, "पोलीस येतील गं दारात."

आता घरी मिक्सर फिरत होता. बायको भात वेगळा वाटायची, वाटाणे वेगळे, कोंबडी वेगळी. ताटलीत तीन गोळे ठेवायची. पहिल्या दिवशी तिने सगळं एकत्र केलं होतं, तेव्हा त्याने चमचा खाली ठेवला होता. "हे पोटात घालायचं की भिंतीला लावायचं?" त्या दिवसापासून तीन गोळे. प्रत्येक घासाआधी ती नाव सांगायची. तो हनुवटी छातीला लावायचा, दोनदा गिळायचा, मग मान वर करून म्हणायचा, "मीठ." किंवा, "आज बरंय." एवढ्याशा दोन शब्दांसाठी ती सकाळपासून राबायची. अंगावर मांस चढलं नाही, पण ताप आला नाही. महिने गेले.

मग त्याने खाणावळीचं काढलं.

मुलगी बसमध्ये कंडक्टर होती. ड्युटी संपली की गणवेशातच येऊन बाबांना बघून जायची. ती भडकलीच. "बाबा, तुम्हाला वेड लागलंय का? तिथे गर्दी, धूर. काय अडलंय तिथे जाऊन?"

"घरी मी पेशंट आहे," तो म्हणाला. "तिथे गिऱ्हाईक होतो."

"आई, तू तरी सांग."

आई म्हणाली, "त्या बाईला विचारते."

गिळायला शिकवणारी बाई नको म्हणाली नाही. वाटलेलंच द्या, सरळ बसवा, घाई करू नका, एवढंच म्हणाली. मग बायको सकाळीच खाणावळीच्या मागच्या दाराने आत गेली. खाणावळवाला कांदे सोलत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सुरी खाली ठेवली.

"वहिनी, माझं जेवण लोक दातांनी खातात, शिव्या देत खातात. मिक्सरमधून खाणारा हा पहिलाच. पण करतो. मासा वाटून देतो, काटा राहिला तर माझी मान कापा."

"काटा नको आणि मानही नको," बायको म्हणाली. "दुपारची गर्दी ओसरली की येतो."

गेली दोघं. पंख्याखालचं मागचं टेबल रिकामं ठेवलं होतं. कुलूपवाल्याने धुतलेला शर्ट घातला होता, तो खांद्यावरून ओघळत होता. नेहमीची गिऱ्हाइकं ओळखीचं हसली आणि पटकन आपल्या ताटात बघू लागली.

"मी पण तुमच्यासारखंच वाटलेलं घेते," बायको म्हणाली.

"अजिबात नाही. एकच पदार्थ? नियम आहे. आणि तूही चिखल खाणार असशील, तर मी उठलो."

"उठून दाखवा."

"तू उठव मग. पण तळलेलं मटण माग आधी. कडक."

तिने मागवलं. त्याच्या समोर वाटलेल्या माशाचा पिवळसर गोळा आला, खाणावळवाल्याने वर चमच्याने रेघा ओढून माशाचा आकार काढला होता. कुलूपवाला तो बघून इतका हसला की बायकोने त्याचा दंड धरला. "आधी हसून घ्या, मग घास."

तो जेवू लागला. हनुवटी खाली, दोनदा गिळणं. ती प्रत्येक घासाला त्याचा गळा वर खाली होताना बघत होती. घास खाली गेला की तिचाही खाली जायचा. नीट चाललं होतं. एकदाही ठसका नाही. हळूहळू तिची नजर त्याच्या गळ्यावरून चेहऱ्यावर आली. चेहरा जुना दिसत होता, दुकानातून आलेल्या माणसाचा. शेजारच्या टेबलावर कुणीतरी कसल्यातरी पैजेवरून हुज्जत घालत होतं, आतून भांड्यांचा आवाज येत होता. तिने मटणाचा तुकडा तोडला, चावला. किती दिवसांनी दुसऱ्याच्या हातचं गरम गरम खात होती. मिरी जरा जास्तच होती. हे आत्ता बोलायचं नाही, अर्धं झाल्यावर, असं मनात आलं.

आणि अर्धं झालं, तेव्हा तिने ताट सरकवलं.

त्याचं ताटही सरकलं. कुणीही काही म्हटलं नाही. तिने त्याच्या गोळ्यात चमचा घातला, त्याने तिच्या ताटातला मटणाचा तुकडा उचलून तोंडात टाकला, दोनदा चावला आणि मान वर करून म्हणाला, "मिरी—"

पुढचा शब्द आलाच नाही.

काय झालं ते तिला त्याच्या डोळ्यांवरून कळलं. खुर्ची पडली. ती ओरडली. खाणावळवाला आतून तसाच ओल्या हातांनी धावला, मागून कवेत धरून त्याने पोटावर झटके दिले. एक, आणखी एक. तुकडा टेबलावर येऊन पडला. कुलूपवाल्याने घर्र घर्र करत श्वास ओढला. लोकांनी सोडलेले उसासे ऐकू आले. कुणीतरी पाणी पुढे केलं, बायकोने ते हाताने उडवून दिलं.

"वाचले, वहिनी, वाचले," खाणावळवाला म्हणत होता.

तुकडा निघाला होता. त्याबरोबर आत ओघळलेला रस निघाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी अंग तापलं. हॉस्पिटलात तीच बाई आली. स्टेथोस्कोप लावून ऐकलं, छातीचा फोटो पाहिला, आणि या वेळी तिने कडक आवाज काढला नाही. त्यामुळेच बायकोला कळलं. मग पोटाला भोक पडलं, नळी बसली.

मुलगी बाहेरच्या बाकावर गणवेशात बसली होती. "आई, आख्खं ताट? आख्खं ताट त्यांच्यापुढे ठेवलंस?"

आई हात पदराखाली घेऊन बसून राहिली.

आतून बापाने ऐकलं होतं. मुलगी भेटायला गेली तेव्हा तो म्हणाला, "तिने सरकवलं. घेतलं मी. मलाही नाही आठवलं."

"तुम्ही तिचीच बाजू घ्या," मुलगी म्हणाली आणि रडली.

घरी आल्यावर दिवसातून ठरलेल्या वेळी बायको नळीतून पांढरं, पातळ औषधी दूध सोडायची. त्याला चव नव्हती, त्यामुळे विचारण्यासारखंही काही नव्हतं. तिने घरात शिजवणं बंद केलं. वास नको म्हणून. जिन्यात उभी राहून पाव खायची, तोंड पुसून आत यायची. मिक्सर माळ्यावर गेला. फोडणी नाही, कांदा नाही, भाताची वाफ नाही. घराला औषधांचा वास लागला.

एके दिवशी तो म्हणाला, "तू जिन्यात खातेस."

"नाही हो."

"पावाचा चुरा आहे ओठाला. अगं, माझं तोंड बंद झालं, म्हणून घराचं कशाला बंद करतेस? वाळून काठी झालीस. कांदा परत. मला वास तरी येऊ दे. इथे समोर बसून जेव. मी सांगतो कसं झालंय ते."

तो इतका आग्रह करत होता, की तिला खरं वाटलं. तिने कांदा चिरला. तेलात टाकला. कितीतरी दिवसांनी घरात तो आवाज झाला. तो बिछान्यावर टेकून बसला होता, डोळे मिटून. "अजून नाही," म्हणाला. मग, "आता. आता अंडी फोड." तिने अंडी फोडली. ताट घेऊन त्याच्यासमोर खुर्चीवर बसली. पहिला घास घेतला.

तो बघत होता. आधी ताटाकडे, मग तिच्या हाताकडे, मग तिच्या तोंडाकडे. त्याचा गळा आपोआप वर खाली झाला. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली, तीही त्याला धड गिळता येईना, खोकला आला. तिने ताट खाली ठेवून त्याला पुसलं.

"मीठ?" तिने विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

त्याने तोंड भिंतीकडे केलं.

"आत जाऊन खा," तो म्हणाला. "दार लाव."

तिने ताट उचललं, स्वयंपाकघरात गेली आणि दार लावलं. ओट्याशी उभं राहून तिने ते सगळं संपवलं, कारण टाकून दिलेलं त्याला आवडत नसे. मग वास जावा म्हणून खिडकी उघडली आणि थंडी आत येईपर्यंत ती तशीच उघडी ठेवली.