योगी बंब

पीठ मळून बबितानं पहिला उंडा हातात घेतला आणि फडताळावरचा फोन वाजला. अंगणातून भक्ती धावत आली. "बाबाचा फोन! बाबाचा फोन!"

बबितानं पिठाच्या हातानंच तो उचलला. काच तडकलेली, मागचं झाकण रबरानं आवळलेलं.

"योगीभाऊ, कडबा पेटला! गाडी काढा लवकर!"

योगीराज, तिचा नवरा, रायटाकळीच्या आग विझवायच्या बंबावर ड्रायव्हर होता. दिवाळीच्या आसपास तापाचं निमित्त झालं आणि गेला. इतकी वर्षं आगीत शिरणारा माणूस, आगीनं त्याला कधी साधा चटका दिला नव्हता. तो गेल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. मातीला सगळं गाव आलं होतं. पण कुठं धूर दिसला की लोकांचा अंगठा आपसूक त्याच नावावर जायचा. ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये ते नाव सारखंच होतं, 'योगी बंब'.

"मी बबिता बोलायले," ती म्हणाली.

"आं... वहिनी व्हय. आवो वहिनी, सिताराम बोलायलाव. म्हसोबाच्या माळाखाली, आमच्या शेतातल्या आखाड्यावर. सगळी गंजीच पेटली बगा."

"वारं कुनीकडं हाय?"

"गोठ्याकडं."

"मग आदी जनावरं सोडा. गाठी सोडीत बसू नका, दावी कापा. अन् डीपी पाडून लाईट बंद करा."

मग तिनं त्याच फोनवरून रामप्रसादला लावलं. रामप्रसाद आधी योगीराजच्या हाताखाली पाण्याचा पाईप धरायचा, आता गाडी तोच चालवायचा.

"म्हसोबाचा माळ, सितारामचा आखाडा. वढ्यातून जाऊ नका, पूल खचलाय. शाळेच्या मागून जा."

"निघालो, वहिनी."

थोड्या वेळानं सायरन घरापुढून गेला. भक्तीनं दारातून हात हलवला. बबिता उंडा थापायला बसली.

काय विचारायचं, काय सांगायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. जेवता जेवता, लेकीला झोके देता देता योगीराज फोनवर हेच बोलायचा आणि ती वाढता वाढता ऐकायची. आता ते शब्द तिच्या तोंडून आपोआप येत. बाकी तिच्या तोंडून फारसं काही येत नसे. तिला रडूही आलं नव्हतं. बायका म्हणायच्या, रड गं माय, मोकळी हो. ती हो म्हणायची. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय जसा आपला वाटेनासा होतो, हात लावला तरी कळत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. तिनं धुणं धुतलं, लेकीची वेणी घातली, शेळीला पाला टाकला, पण हे सगळं दुसरीच कुणी बाई करायलीय आणि आपण बाजूला उभ्या आहोत, असं तिला वाटायचं.

फोन वाजला की मात्र ती जागची हलायची. फोन वाजण्यापासून ती 'बोला' म्हणेपर्यंत, पलीकडच्या माणसासाठी योगीराज होता. तेवढाच वेळ होता, पण होता.

तिची सासू कासाबाई हे बोलून दाखवायची नाही. पण फोन वाजला की जात्यापाशी असो की चुलीपाशी, म्हातारीचा हात थांबायचा, आणि 'योगीभाऊ' एवढं कानावर पडलं की पुन्हा चालू व्हायचा.

*

एका सकाळी गल्लीतून भोंगा लावलेली रिक्षा गेली. "ग्रामस्थांना कळविण्यात येते की, येथील अग्निशमन वाहन तालुक्याच्या ठिकाणी हलविण्याचे प्रस्तावित आहे. हरकती व सूचना ऐकून घेण्यासाठी गुरुवारी सकाळी मार्केट यार्डात सभा ठेवली आहे..."

संध्याकाळी रामप्रसाद आला. उंबऱ्याबाहेरच बसला. कासाबाईनं चहा दिला.

"कामून नेयलेत गाडी?" तिनं विचारलं.

"काकू, वरती कंट्रोल रूम हाय. आग लागली की एकशे एकला फोन करायचा, तो तिकडं जातो, मग ते आमाला सांगतात. अशी रीत हाय." त्यानं बशीतला चहा फुंकला. "अन् आपल्या गावाचा तिकडं एकबी फोन न्हाई. सगळे भाऊलाच. डिझेल तर जळायलंय, पन बोलावनं कुनाचंच न्हाई. वरच्या लोकाला वाटतं, गाडी लग्नात पानी मारायला फिरायलीय."

"बन्सीधरच्या पोरीच्या लग्नात मारलं व्हतं की," कासाबाई म्हणाली.

"ते एक डाव, काकू."

तो हसला. मग बबिताकडं न बघता म्हणाला, "वहिनी, तुमी या गुरुवारी. फोन घेऊन."

तिनं मान हलवली. तो गेल्यावर तिनं फोन चार्जिंगला लावला. त्याची गरज नव्हती. चार्जिंग पुरेसं होतं.

*

यार्डातल्या लिलावाच्या शेडमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या. एका बाजूला तुरीची पोती तशीच होती, म्हातारी माणसं त्यांनाच टेकून बसली. जिल्ह्याहून एक मॅडम आल्या होत्या, वयानं बबितापेक्षा फार मोठ्या नसतील. बबिता बायकांत बसली, मांडीवर भक्ती, मुठीत फोन. कासाबाई शेजारी.

"मागच्या वर्षभरात इथून कंट्रोलला एकही कॉल नाही," मॅडम म्हणाल्या. "तालुक्याच्या गाडीला मात्र कॉल झेपत नाहीत. म्हणून हा प्रस्ताव आहे. तुमचं म्हणणं सांगा."

"म्हंजी मॅडम, आमी जळतच न्हाई व्हय?" माजी सरपंच बन्सीधर उभा राहिला. "लय चांगलं झालं. कडबा आमचा वलाच हाय म्हना!"

लोक हसले.

"एकशे एकला कुणीच फोन केला नाही?"

"मी केलता," पोत्याला टेकलेली सगुणाबाई म्हणाली. "एकदाच, दोन सालामागं. तिकडून पोरगं म्हनलं, आजी, पत्ता सांगा. मी म्हनलं, म्हसोबाचा माळ. ते म्हनलं, तालुका? सांगितला. ते म्हनलं, पिनकोड? तो सांगूस्तोर माजी गंजी बसली की वो खाली!"

आता मॅडमही हसल्या. "मग काय केलं?"

"मग योगीराजला लावला. त्यो कायबी इचारत न्हवता. त्याला ठावं व्हतं."

मॅडमनी सभेकडं पाहिलं. "योगीराजना कुणी कुणी फोन केलाय, हात वर करा."

पहिल्यांदा दोन-चार हात वर गेले, मग सगळेच. बायकांचेही. शेडच्या बाहेर उभे होते त्यांचेही. बबितानं ते हात पाहिले. आपल्या आत काहीतरी हलेल असं तिला वाटलं. हललं नाही. तिनं भक्तीच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"ते योगीराज आलेत का?"

वर गेलेले हात खाली आले. मग रामप्रसाद म्हणाला, "वारले ते. आता फोन वहिनी घेतात."

सगळी डोकी बबिताकडं वळली. मॅडम उठून तिच्याजवळ आल्या, खाली सतरंजीवर बसल्या.

"ताई, तुम्ही शेतात असलात, फोनला रेंज नसली, तर काय होतं?"

उत्तर मागून कुणीतरी दिलं, "झरीला माहेरी गेल्या व्हत्या तवा लागलाच न्हाई. आमी रामप्रसादच्या घरी पळत गेलो."

"हेच म्हणते मी." मॅडम सावकाश बोलत होत्या. "गाडी इथं ठेवायची तर मला वर कॉल दाखवावे लागतील. पावसाळ्यापर्यंत प्रस्ताव थांबवायला मी सांगते. तोवर प्रत्येक फोन एकशे एकलाच आला पाहिजे. म्हसोबाचा माळ कुठं, कोणता पूल खचलाय, हे रामप्रसाद कंट्रोलच्या लोकांना समजावून देतील. पण हा नंबर असा चालू राहिला, तर लोक इथंच लावणार."

"बंद करायचा न्हाई!" कासाबाई एकदम म्हणाली. आवाज तिचा तिलाच मोठा वाटला असावा; तिनं पदर तोंडावर घेतला. "माज्या लेकाचा नंबर हाय त्यो."

वर पत्र्यावर कबुतरं घुमत होती.

बबिताला सगळं सरळ दिसत होतं. गाडी तालुक्याला गेली तर घरापुढून सायरन जाणार नाही, आणि सितारामसारख्याची जनावरं गाडीची वाट बघत जळतील. गाडी ठेवायची तर हा फोन गप्प करायचा. दोन्हीकडून योगीराजचं काहीतरी जाणारच होतं. कोणतं जाऊ द्यायचं, एवढंच तिला ठरवायचं होतं, आणि ठरवायला दुसरं कुणी नव्हतं.

"बंद करत न्हाई, आत्या," ती म्हणाली. "वाजला तर उचलीन. पन एकच सांगीन, एकशे एक लावा. रामप्रसादभाऊला मी कळवनार न्हाई. कुनाचंबी पेटलं तरी न्हाई."

"आगं बाई," बन्सीधर म्हणाला, "पेटल्यावर कुनाला आठवतंय एकशे एक अन् दोनशे दोन! हात तुमच्याच नंबरावर जातो."

बबितानं मुठीतल्या फोनकडं पाहिलं. "मग नाव ऱ्हाऊ द्या. नंबर बदला."

"म्हंजी?"

"'योगी बंब' हाय ना तुमच्या फोनात? ते तसंच ठेवा. त्याच्या खालचा नंबर काढा अन् एकशे एक घाला. हात जाऊ द्या की मग जायचा तिकडं."

मग सितारामनं खिशातून फोन काढला. त्याचं बघून शेजारच्यानं काढला. ज्यांना येत नव्हतं ते आपापले फोन पोरींच्या हातात द्यायला लागले. "नाव पुसू नको हां," सगुणाबाई नातीला दटावत होती, "नाव पुसलंस तर बग."

शेडभर खाली झुकलेली डोकी. अंगठे हलत होते. बबिता बघत राहिली. गावातल्या एकेका फोनातून तिचा नंबर सुटत होता.

कासाबाईच्या कमरेला बटनाचा फोन होता. तिनं तो काढला नाही.

*

पहिल्या आठवड्यात तरीही फोन वाजला. सभेला न आलेलं कुणीतरी होतं. "योगीभाऊ, ऊस पेटला!"

"एकशे एक लावा," बबिता म्हणाली. "आत्ताच." आणि ठेवला.

"कुठला ऊस ते तरी इचार की!" कासाबाई चुलीपासून उठून आली. "रामप्रसादला सांग. बाई, सांग गं त्याला."

"सांगितलं तर परत हितंच करतील, आत्या."

दोघी दारात उभ्या राहिल्या. बबिताचा अंगठा रामप्रसादच्या नावावर होता. दाबला नव्हता. रस्त्यावर एक बैलगाडी गेली, मग एक मोटारसायकल. कासाबाई पुटपुटत होती. मग लांबून सायरन आला, जवळ आला, घरापुढून निघून गेला. योगीराज जाताना घराकडं एकदा बघायचा. रामप्रसाद समोर रस्त्याकडं बघत होता.

"गेली," कासाबाई म्हणाली.

"हं."

त्यानंतर फोन कमी कमी होत गेले. रामप्रसाद कधी पिठाच्या गिरणीपाशी भेटला की सांगायचा, वहिनी, तूर्त गाडी हितंच हाय, कंट्रोलच्या पोराला आता म्हसोबाचा माळ तोंडपाठ झालाय. ती बरं म्हणायची. सायरन जायचा. भक्ती आधी फडताळाकडं बघायची, मग दाराकडं. पुढं पुढं ती नुसतं दाराकडंच बघायला लागली.

फोन चार्जिंगला लावायचं बबितानं सोडलं नाही. काच पदरानं पुसायची, पुन्हा ठेवायची.

मृगाच्या आधीची दुपार होती. घरात ती आणि झोपलेली लेक. कासाबाई मागच्या अंगणात शेळीपाशी होती. भाकरीसाठी उंडा हातात घेतला आणि फडताळावरचा फोन वाजला.

तिच्या हातातून उंडा परातीत पडला. तिनं पिठाचाच हात पुढं केला, काचेवर कुणाचं नाव आलंय हे पाहिलंही नाही.

"कुठं पेटलं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

पलीकडं नुसता श्वास. मग शेळीच्या गळ्यातली घंटी वाजली, एकदा फोनमध्ये आणि एकदा मागच्या अंगणात.

"आत्या?"

"कुठंच न्हाई, बाई," कासाबाई म्हणाली. "वाजतोय का, ते बघितलं."

बबिता भिंतीला टेकून खाली बसली. फोन कानाला तसाच होता. पिठाचे हात गालाला लागले होते, आणि गाल ओला होता, हे तिला पीठ चिकटल्यावर कळलं.

"वाजतोय, आत्या," ती म्हणाली. "वाजतोय."