संडासातलं कॅलेंडर

विलेमिन आइंडहोव्हनला निघाली ती काही तिथं भरलेली डिझाइनची जत्रा बघायला नाही. तिला तिचं कॅलेंडर परत हवं होतं.

एप्रिलमध्ये डिझायनर मुलगी योरिंदे घरी आली आणि "फोटो काढून परत देते" म्हणत संडासाच्या भिंतीवरचं वाढदिवसांचं कॅलेंडर घेऊन गेली, ती गेलीच. डच घरांत असतं तसं, नुसत्या तारखांचं, वारांशिवायचं; त्यामुळे एकतीस वर्षं तेच तिथं होतं. सकाळी बसलं की आपसूक नजर जायची: आज अमक्याला फोन, परवा तमकीला कार्ड. भिंत रिकामी झाली आणि नऊ ऑक्टोबरही गुपचूप निघून गेला. थोरली बहीण तिनेके सत्तर वर्षांची झाली आणि विलेमिनचा फोन नाही! चार दिवसांनी लक्षात आलं तेव्हा ती शरमेनं अर्धी झाली. रोज फोन हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. असे पंधरा दिवस गेले. तिकडूनही चिडीचूप. तिनेके रुसली की रुसली.

"सख्ख्या बहिणीचा वाढदिवस वाचून कळतो होय तुला?" गाडीत चीज-पावाचा डबा उघडत नवऱ्यानं, हार्मनं, विचारलं.

"तारीख मला कुठं पाठ होती? भिंतीला पाठ होती," विलेमिन फणकारली. "आणि तू काय दिवे लावलेस? तुझी कुणी लागत नाही का ती?"

हार्मनं पाव तोंडात कोंबला.

आइंडहोव्हन माणसांनी फुललं होतं. कुठं अळंबीचे दिवे, कुठं माशाच्या कातड्याचे बूट. हार्मची तर मजाच झाली. तो दिसेल त्या खुर्चीवर बसून बघत होता आणि "बसायला बरी, उठायला वाईट" असे शेरे मारत होता. विलेमिन त्याला बाहीला धरून ओढत नेत होती.

योरिंदेचं काम एका जुन्या कारखान्यात मांडलं होतं. पिवळ्या दाराची, एका माणसापुरती खोली. घरच्यासारखाच संडास, फक्त पाणी नव्हतं. आत जायचं, कडी लावायची, बसायचं आणि समोरच्या कॅलेंडरमध्ये आपला वाढदिवस लिहून बाहेर यायचं. बाहेर तीस-पस्तीस माणसं उभी.

"माझ्या कॅलेंडरमध्ये गावाला लिहायला दिलंस?" विलेमिन कडाडली. "कार्टे, तुझ्यामुळे माझी बहीण तुटली!"

"आई, आधी आत जा. मग हवं तेवढं ओरड."

विलेमिन तडक दाराकडे निघाली, तशी पाच-सहा माणसं खाकरली.

"रांग म्हणजे रांग," हार्म म्हणाला. तोही तिच्यामागे उभा राहिला.

पाऊण तासानं तिनं कडी लावली आणि बसली. जानेवारी. तिच्या निळ्या अक्षरांभोवती कुणाकुणाची नावं दाटली होती. गेलेल्या बाबांचं नाव तिनं कधी खोडलं नव्हतं. त्याच तारखेला जन्मलेल्या कुणा मुलीनं त्याच्या शेजारी आपलं नाव जपून, बारीक अक्षरात लिहिलं होतं. विलेमिनचा राग तिथंच उतरायला लागला. तिनं भराभर पानं उलटली. ऑक्टोबर, नऊ. "तिनेके", तिच्याच हातचं. आणि खाली लाल शाईत, ती कुठंही ओळखेल असं तिरकं अक्षर: "सत्तर. तुझ्या वाटणीचा केक फ्रीझरमध्ये आहे. आता तरी फोन कर, बावळट."

म्हणजे तिनेके येऊन गेली होती. इथंच बसली होती. विलेमिनला हसूही आलं आणि रडूही. तिनं तिथूनच फोन लावला.

"तिनेके, मी बोलतेय. संडासातून."

"वाचलंस?"

"वाचलं गं. चुकलं माझं."

"ते राहू दे. आधी गा."

विलेमिननं वाढदिवसाचं गाणं सुरू केलं. सूर तिला जन्मात कधी लागलाच नव्हता. बाहेर कुणीतरी दार ठोठावत होतं, ते थांबलं. रांगेला वाटलं, हाही डिझाइनचाच भाग असणार. आधी हार्मचा घोगरा आवाज आला, मग सगळी रांग गायला लागली आणि शेवटी रिवाजाप्रमाणे तीनदा "हुर्रे!" असा घोष झाला.

फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला.

"किती जण आहेत गं तिथं?"

"पस्तीस तरी असतील."

"एवढ्यांना पुरायचा नाही केक," तिनेके म्हणाली. "तू एकटीच ये."