डब्यानं दिलेला कौल

सोमवार म्हणजे आमच्या शिरोलीच्या कारखान्यांचा सुट्टीचा दिवस. त्यात त्या सोमवारी अमावास्या. तरी सकाळी अकरालाच फाउंड्रीच्या फाटकात चपलांचा ढीग पडला होता. मोल्डिंगवाले बायकापोरांसह आले होते, शेजारच्या दोन कारखान्यांचे मालक नारळ घेऊन आले होते. हरवलेल्या म्हशीचा कौल विचारायला नेसरीची एक म्हातारी पहाटेची एसटी धरून आली होती. सगळ्यांना एकच गोष्ट बघायची होती, ऑफिसच्या आतल्या खोलीतला काळा डबा.

डबा म्हणजे फायली साठवायचं यंत्र. ऑफिसातले आठही कॉम्प्युटर आपली ड्रॉइंगं स्वतःपाशी न ठेवता वायरीवरून या एकाच डब्यात ठेवतात. त्याच्या पोटात शेजारी-शेजारी दोन डिस्का, प्रत्येकीपुढं एक बारका दिवा. आता या दिव्यांतून देव बोलत होता म्हणे. देवळात गुरव मूर्तीला कळ्या लावून कौल विचारतो, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तसंच हे. कळ्यांच्या जागी दिवे आणि गुरवाच्या जागी कवडीनाथ महाराज.

मी जोतीराम. या फाउंड्रीत सव्वीस वर्षं लाकडी पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लागणाऱ्या नमुन्यांचं, स्टोअर सांभाळतो. गळ्यात माळ आहे, एकादशी चुकत नाही, आणि कुठं चांगलं कीर्तन असलं की जेवणाचं ताट सरकवून जातो. तेव्हा पुढं जे सांगतोय ते देव न मानणाऱ्याचं बोलणं समजू नका.

दोन महिन्यांमागं पंपांच्या अकरा वर्षांच्या ड्रॉइंगांचं फोल्डर एका सकाळी डब्यातून नाहीसं झालं. मालक उदयसिंह, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, डोक्याला हात लावून बसले. "एक डिस्क बिघडली तर दुसरीत असतंय, म्हणून तर ह्यो डबा घेतलता. दोन्हीतनं एकदम कसं जाईल? ह्ये माणसाचं काम न्हवं."

झालं. एवढ्या एका वाक्यानं आम्ही सगळे कोंडले गेलो. ड्रॉइंग बघणारी शिवानी सांगत होती की या दोन डिस्का म्हणजे माणूस आणि आरसा. इथं लिहिलं की तिथं उमटतं, इथं पुसलं की तिथंही त्याच क्षणी पुसतं. एक डिस्क जळाली तर दुसरी वाचवील, पण पुसलेलं कोण वाचवणार? त्यासाठी तिसरी नक्कल वेगळी, दुसऱ्या जागी ठेवायची असते, आणि ते काम कॉम्प्युटरचा ठेका असलेल्या ऋतुराजचं होतं. तिनं त्याला तीनदा आठवण करून दिली होती. ऋतुराज हसून म्हणाला, असलं पुस्तकात असतंय. दुसऱ्या दिवशी तो महाराजांनाच घेऊन आला.

महाराजांनी डब्याला गंध लावलं. "पिंडी ते ब्रह्मांडी," ते म्हणाले. "माणसाला इडा-पिंगला दोन नाड्या, तशा याला दोन डिस्का. मधी ही निळी वायर, ती सुषुम्ना." वायर ऋतुराजनं गेल्या वर्षी लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं आणलेली, पण त्याच्यासकट सगळ्यांनी हात जोडले. मग कौल सुरू झाला. महाराज मोठ्यानं प्रश्न विचारायचे, बैराग्यांची असते तसली आखूड कुबडी जमिनीवर आपटायचे आणि एक दिवा लुकलुकायचा. डब्यावर सावली पडली काय? उजवा. पुरुषाची? डावा. बाईची? उजवा. ऑफिसात बाई एकच.

तेव्हापासून शिवानीचं टेबल व्हरांड्यात. डब्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, पाण्याच्या पिंपाला हात लावायचा नाही. ती रडली तर लोक म्हणायचे पाप फुटलं, गप्प राहिली तर निर्ढावलीय. सोडून जावं तर आण्णा अनुभवाच्या दाखल्यावर "ड्रॉइंगं नष्ट केली" असं लिहिणार होते, मग कोल्हापुरात तिला दारात कोण उभं करणार? आज शेवटचा कौल होता, शिवानीला ठेवायचं की काढायचं. आणि ती नाही आली तर गुन्हा कबूल, असं आधीच ठरलं होतं.

मागचे दोन्ही कौल मी बघितले होते आणि तोंड उघडलं नव्हतं. माझी माळ बघून लोक म्हणत, जोतीराममामा गप्प हाईत म्हणजे खरंच असणार. माझ्या गप्पपणाची साक्ष झाली होती. आदल्या दिवशी कीर्तनात बुवा गाता गाता थांबले, नुसते ओठ हलवले आणि म्हणाले, टाळ तुमच्यासाठी वाजवतो, देवाला एवढ्यानंही पोचतं. सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. घरी येताना एकच विचार डोक्यात फिरत राहिला. महाराज प्रत्येक प्रश्न एवढ्या मोठ्यानं का विचारतात?

बाराला आम्ही अकरा माणसं त्या खोलीत शिरलो. खोली कसली, पूर्वीची अडगळ. खिडकी नाही, प्लायवूडचं दार लावून घेतलेलं, उदबत्तीच्या धुरात श्वास अडकत होता. डब्याच्या दिव्यांत गोंधळ नको म्हणून बाहेरचे सगळे कॉम्प्युटर बंद. मोबाईल बाहेर ऋतुराजच्या ताब्यात. शिवानी भिंतीला चिकटून उभी होती. पळायला जागा नव्हती, तिलाही आणि मलाही.

महाराजांनी कुबडी उचलली तसा मी पुढं झालो. "महाराज, पोरीचा निकाल लागायच्या आधी माझाबी एक कौल लावा की."

माळकरी म्हातारा शरण आलेला बघून ते फुलले. "विचार बाबा."

"मी डब्याच्या कानात विचारतो. नंदीच्या कानात सांगतो तसं. प्रश्न या चिठ्ठीत लिवलाय, आण्णांच्या हातात देतो. दिवा लागल्यावरच उघडायची."

महाराजांचा चेहरा क्षणभर आखडला. पण नंदीला नाही कसं म्हणणार? मी वाकलो, डब्याला ओठ लावले आणि पुटपुटलो. माझा अंदाज चुकला असता तर शिवानीबरोबर माझीही सव्वीस वर्षं फाटकाबाहेर पडली असती.

बराच वेळ काही झालं नाही. महाराजांनी माझ्याकडं बघितलं, भल्या माणसानं भलंच मागितलं असणार असं त्यांना वाटलं असावं, आणि त्यांनी कुबडी एकदा जमिनीवर आपटली. उजवा दिवा लुकलुकायला लागला.

"होय म्हणाला," महाराज म्हणाले. "मनासारखं होणार तुझ्या."

आण्णांनी चिठ्ठी उघडली. वाचली. परत वाचली. मग कुणाकडं न बघता मोठ्यानं वाचली. "शिवानीवरचा आळ कवडीनाथानं रचलाय काय?"

सगळ्यांच्या माना महाराजांकडं वळल्या.

"देव थट्टा करतोय," महाराज म्हणाले.

"थट्टा कसली?" मी म्हणालो. "डब्यात देव असंल तर देवानं तुमचं नाव घेतलंय. नसंल तर आजवरचे कौल कुणी दिले ते सांगा. पण एक दिवा लागला हा योगायोगबी असंल, मी त्याला पुरावा म्हणत न्हाय. परत बघू. शिवानी, दार उघड."

तिनं दार ओढलं. ऋतुराज दाराला कान लावूनच उभा होता, तो जवळजवळ आत पडला. त्याच्या हातातल्या मोबाईलवर डब्याचं चित्र होतं आणि दोन डिस्कांपुढं दोन बटणं. शिवानीनं मोबाईल घेतला आणि सगळ्यांना दाखवला. "ही सोय डबा बनवणाऱ्यांनीच दिलीय. एखादी डिस्क बदलायची झाली तर नेमकी कुठली काढायची ते कळावं म्हणून तिचा दिवा लुकलुकवता येतो. बघा." तिनं बोट ठेवलं, डावा दिवा लागला. "मोठ्यानं प्रश्न आला की बाहेर हा तयार. मग कुबडी एकदा आपटली की उजवा, दोनदा आपटली की डावा. मागच्या दोन्ही कौलांत मी हेच ऐकलंय. पण माझं कोण ऐकणार होतं?"

तिनं दिव्याचं लुकलुकणं बंद केल्यावर मी मोबाईल आण्णांच्या खिशात ठेवला आणि महाराजांना म्हणालो, आता लावा कौल. त्यांनी कुबडी एकदा आपटली, दोनदा आपटली. दिवे हिरवे, शांत. नेसरीच्या म्हातारीनं दारातनं मान आत घातली. "मग माझी म्हस?"

"आजी, कोंडवाड्यात बघितलंसा का?"

"न्हाय बा. महाराजांच्या मठातल्या माणसानं सांगितलं, आधी कौल."

लोक हसले आणि त्या हसण्यात महाराज कधी फाटकाबाहेर पडले ते कळलंही नाही. ऋतुराजला मात्र जाता येईना. शेवटी त्यानं सांगितलं. डबा भरत आला होता, जागा करताना त्यानं जुनं समजून तेच फोल्डर पुसलं. तिसरी नक्कल त्यानं कधी काढलीच नव्हती. ठेका जाईल म्हणून भूत आणलं, आणि भुताला तोंड हवं म्हणून शिवानी.

ड्रॉइंगं परत आली नाहीत. ती कौलानं येत नाहीत, पश्चात्तापानंही येत नाहीत.

आण्णांनी तिथल्या तिथं शिवानीपुढं हात जोडले. ती म्हणाली, "इथं न्हवं. आळ सगळ्यांच्या देखत घेतलासा. माफीबी तिथंच मागा."

आण्णा मोठे माणूस. आमच्यापैकी कुणी त्यांना असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ते उन्हात अनवाणी फाटकापर्यंत गेले. नारळवाल्या मालकांसमोर, मोल्डिंगवाल्यांच्या बायकांसमोर म्हणाले, "चूक माझी. ह्या पोरीनं खरं सांगितलं, आणि मी दिव्याचं ऐकलं."

मंडळी, मी आजही कीर्तनात मागं बसून रडतो, मला त्याची लाज नाही. पण कौल जेव्हा एखाद्याच्या पोटावर येतो, तेव्हा हात जोडायच्या आधी एवढं विचारा की दिवा कोण लावतंय, कुठून लावतंय आणि दार का बंद आहे. विचारल्यानं देव कोपत नाही. कोपतो तो, ज्याला दार उघडलेलं चालत नाही.