वळणावरचा पिवळा

सत्यवान मालगाडीचा ड्रायव्हर. २००४ चा पावसाळा सरता सरता, कणकवलीपुढच्या एका छोट्या स्टेशनात त्याची गाडी लाल सिग्नल ओलांडून घुसली आणि समोर उभ्या पॅसेंजर गाडीच्या अगदी पुढ्यात कशीबशी थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पण सत्यवानला निलंबित करून घरी बसवलं.

"मला पिवळा दिसला," चौकशीत तो सांगत राहिला. पिवळा म्हणजे सावकाश आत या. स्टेशनातलं यंत्र मात्र लाल सांगत होतं.

"तुमचो डोळो तर लागलो नाय मां?" बायकोनं, मथुरेनं, भीत भीत विचारलं.

"नाय गो." तो म्हणाला खरा, पण हळूहळू त्यालाच शंका येऊ लागली. पॅसेंजरच्या खिडक्यांतली माणसं डोळ्यांसमोरून हलेनात.

त्या जागी धोका किती, हे पारखायला सुरक्षा विभागाच्या नम्रता मॅडम आल्या. नुसतं इंजिन घेऊन त्याच जागी, त्याच वेळी जायचं ठरलं. चालवायला दुसरा ड्रायव्हर गंगाराम, शेजारी सत्यवान. उन्हं उतरताना इंजिन वळणाशी येऊन थांबलं. आभाळ भरलेलं. समोर सिग्नल लालभडक, लांबूनही स्वच्छ.

"माझंच चुकलं असेल, मॅडम. चला परत," सत्यवान म्हणाला.

"त्या दिवशी ऊन होतं ना? मग थांबू या."

बऱ्याच वेळानं ढग फाटले. पाठीमागून तिरपं ऊन थेट सिग्नलवर पडलं. लाल विझल्यासारखा झाला आणि शेजारची पिवळी काच झगझगली.

"पिवळो इलो!" म्हणत गंगारामनं इंजिन सोडायला हात घातलासुद्धा.

"थांबा!" मॅडमनी वॉकीटॉकीवर स्टेशन मास्तरला गाठलं. "मास्तर, सिग्नल बदललात?"

"नाही मॅडम. लालच आहे."

सत्यवान इंजिनात खालीच बसला आणि हमसून हमसून रडला. मॅडमनी त्याला पाणी दिलं.

"इथं कुणीही फसलं असतं," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हर बदलून हा धोका जायचा नाही. दिवाच बदलायला हवा."

नवा दिवा बसेपर्यंत प्रत्येक गाडीनं वळणाआधी थांबून मास्तरला विचारायचं, असा हुकूम त्यांनी त्याच संध्याकाळी काढायला लावला.

घरी मथुरा दारातच उभी होती. "काय झाला?"

"ऊन पडला की पिवळोच दिसता गो. गंगारामाक पण दिसलो." सांगता सांगता त्याचे डोळे पुन्हा वाहू लागले.

"मगे रडतास कित्याक?"

त्यानं बाहीनं डोळे पुसले. दिवाळीआधी तो कामावर रुजू झाला.