अकरातल्या चार

दह्याच्या डब्यातली माती कडेनं सुटली होती... मधला गोळा तसाच घट्ट, भोवती एक काळी फट. हर्षानं बोटानं दाबून पाहिली. फसवायला निदान एखादं गवताचं पातं तरी यावं, पण तेही नव्हतं. आत संत्र्याच्या अकरा बिया होत्या, काटोलहून सासूबाईंनी पाठवलेल्या टोपलीतल्या. डिसेंबरात पेरलेल्या, आणि आता फेब्रुवारीही अर्धा सरला होता. वहीत मात्र त्यातल्या चार उगवल्या होत्या. चारच. अकराही उगवल्या असं लिहायला हात धजला नव्हता, आणि एकही नाही असं लिहायला तर मुळीच नाही — खोटं लिहितानाही आपण किती काटकसर केली, असं मनात येऊन तिनं डबा गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीमागं सरकवला. जणू कुणी झडती घ्यायलाच येणार होतं मनीषनगरात, तिसऱ्या मजल्यावर.

आज महिन्यातला दुसरा शनिवार. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी आठ-दहा कुटुंबं आज कामिनीताईंच्या अंगणात जमायची. तिथला एक रिवाज होता. दर महिन्याला प्रत्येक घरानं एक पातळ वही भरायची — मूल काय शिकलं, कशात रमलं, कुठं अडलं. मग चिठ्ठ्या टाकून वह्या एकमेकांकडे द्यायच्या. दुसऱ्याची वही घरी नेऊन वाचायची आणि शेवटच्या कोऱ्या पानावर मनातलं लिहून पुढच्या बैठकीत परत करायची. त्या पानाला सगळे पाहुण्याचं पान म्हणत. आठ महिने झाले, हर्षाची वही एकदाही कामिनीताईंच्या वाट्याला गेली नव्हती.

आणि तिला तर तेच एक हवं होतं. कामिनीताईंची दोन्ही मुलं घरीच शिकून, बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी झालेली, आता आपापल्या वाटेला लागलेली. त्या हे सगळं ओलांडून पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एकदा म्हणावं — माझंही असंच व्हायचं, हर्षा. एवढंच. रोज सकाळी शाळेच्या नावानं उलट्या करणाऱ्या लेकीला, खुशीला, तिनं गेल्या जूनमध्ये तिसरीतून काढलं, तेव्हा नवरा, पंकज, म्हणाला होता, "एक वर्ष करून पाह्य. मंग शाळाच." ते वर्ष संपत आलं होतं. खुशीच्या उलट्या थांबल्या होत्या, पण गुणाकार तिथंच अडला होता, आणि दुपारी बारानंतर दोघी एकमेकींना नको व्हायच्या. हे कुणाला सांगावं? माहेरी हसतील, सासरी म्हणतील आम्ही सांगितलंच होतं. राहिल्या कामिनीताई... पण त्यांच्या नजरेत भरावं म्हणून तिनं वहीत असं घर मांडलं होतं की जिथं कुणी ओरडत नव्हतं, गुणाकार टाळ्यांवर शिकला जात होता आणि बिया उगवत होत्या. जे दाखवलंच नाही त्यावर कुणी फुंकर घालावी तरी कशी? हे तिला कळत होतं. कळून वळत नव्हतं, इतकंच.

जानेवारीच्या वहीत कोंब आले होते. या महिन्याच्या वहीत, काल दुपारी, तिनं त्यांना दोन-दोन पानंही आणली होती.

अंगणात सतरंजी पसरलेली. मुलं कडुनिंबाखाली दोरी ओढत होती. त्यांत खुशी, गळा मोकळा सोडून हसणारी — तिला तसं हसताना पाहिलं की हर्षाला दर वेळी वाटायचं, बरोबर केलं आपण, आणि ते वाटणं गाडी घराकडे वळेपर्यंत टिकायचं. मयुरा तिच्याशेजारी येऊन बसली. दोन महिन्यांपूर्वी या मंडळींत आलेली, कळमेश्वरहून बसनं येणारी, सात वर्षांच्या काजलची आई. हर्षाची जानेवारीची वही तिच्याकडे गेली होती. तिनं ती स्वच्छ पिशवीतून काढून दोन्ही हातांनी दिली.

हर्षानं सवयीनं शेवटचं पान उघडलं. गोल, सांभाळून काढलेलं अक्षर. 'ताई, तुमची वही मी चार वेळा वाचली. आमच्या घरी यातलं काहीच होत नाही. काजलनं तुम्ही लिहिलं तसंच केलं, बिया तीन दिवस उन्हात वाळवल्या, अकराच घेतल्या. ती रोज सकाळी उठून डबा पाहते. काहीच आलं नाही. माझ्यात तुमच्यासारखी चिकाटी नाही. सोमवारी तिचं नाव शाळेत टाकतो आहोत.'

"मी तं तुमच्यावानी नाही ना ताई," मयुरा हळूच म्हणाली. "काजल म्हणते, खुशीचं उगवलं, मंग आपलंच काहून नाही उगवलं? मी काय सांगू तिले?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं. उन्हात वाळवल्या... गॅलरीत पसरलेला कागद, त्यावर पांढऱ्या बिया, आणि दुसरी टोपली घेऊन स्वतः आलेल्या सासूबाई, रुख्माबाई, दारातच थबकलेल्या — "वाळवून काहून राहिली वं? संत्र्याची बी ओलीच लावा लागते." काटोलच्या बागेत उभा जन्म गेलेली बाई ती. पण त्याच्या आधी, पायातली चप्पल काढता काढता, त्यांनी पोरगी कधी धाडता शाळेत म्हणून विचारलं होतं, आणि त्या एका वाक्यानं हर्षाचे कान असे मिटले की पुढचं सगळं तिला टोमणाच वाटलं. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार — आणि असा रिकामा पोहरा तिनं कळमेश्वरपर्यंत पोचवला होता.

सांगून टाकावं. आत्ता, इथं. पण सगळे होते, कामिनीताई होत्या... तिनं मयुराला विचारलं काय, तर परतीची बस किती वाजता आहे.

मग चिठ्ठ्या झाल्या. हर्षाच्या हाती मयुराची चिठ्ठी आली. आणि कामिनीताईंनी आपली उघडली, चष्मा कपाळावर चढवला, अगदी तिनं मनात पाहिला होता तसाच, आणि हसून म्हणाल्या, "हर्षा, या खेपेला तुझी वही माझ्याकडे वं. सगळे नावाजतात, म्हणून मयुराला म्हटलंच होतं मी, पाहायची तर हर्षाची पाहा. तूच धर आता तिचा हात."

आठ महिने ज्याची वाट पाहिली ते हे असं झालं. वही देताना बोटं क्षणभर सुटेनात. त्या चार रोपांची दोन-दोन पानं कामिनीताईंच्या कापडी पिशवीत गेली आणि कुणीतरी चहा आणला.

गाडीवर खुशी मागून कंबर धरून बसली होती. वर्धा रोडचा सिग्नल लागला तेव्हा म्हणाली, "आई, काजल विचारत होती. आपल्या बिया कधी उगवल्या?"

सिग्नल सुटला. बऱ्याच अंतरानं हर्षानं उत्तर दिलं, पण वाऱ्यात ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. घराखाली गाडी लावताना ती पुन्हा बोलली, तोंड पोरीकडे करून. "नाही उगवल्या." खुशीनं मान हलवली. तिला ते माहीतच होतं. डबा तीही रोज पाहत होती.

घरी ऊन अजून गॅलरीत होतं. हर्षा मयुराची वही घेऊन उंबऱ्यातच बसली. 'मंगळवार. आज काही झालं नाही. मी ओरडले, ती रडली, मग मी रडले. मग दोघी झोपलो. बुधवार. काजल म्हणाली आई तू शाळेसारखी नको बोलू. गुरुवार. पाच अधिक सात तेरा. उद्या पाहू.' पानामागून पान ती वाचत गेली, आणि तिला एकाएकी भरून आलं — हेच, अगदी हेच ऐकायला ती दर दुसऱ्या शनिवारी चष्मा कपाळावर चढायची वाट पाहत बसली होती, आणि ते लिहून ठेवणारी बाई शेजारी मांडीला मांडी लावून बसली होती, स्वतःला कमी समजत. हर्षामुळेच कमी समजत.

खुशीनं संत्रं सोललं होतं. ओल्या बिया तळहातावर घेऊन ती आली, न पुसता, न वाळवता. "आजी म्हणली होती ना," ती म्हणाली. हर्षानं कुंडीमागचा डबा ओढून दिला.

मग पाहुण्याचं पान उघडलं. 'मयुरा, एकही उगवली नाही. माझ्याही घरी मी ओरडते.' एवढं लिहून पेन थांबलं. ही वही पुढच्या दुसऱ्या शनिवारी परत जायची, आणि सोमवार तर परवावर आला होता. फोन करायला हवा होता, आज, आत्ता. फोन कानाला लावला तर मयुरा काय म्हणेल? हसेल, की मुकाट्यानं ठेवून देईल, की काजलला बोलावून सांगेल, ऐक, खुशीचंही नाही उगवलं... कामिनीताई आपली ती खोटी वही कधी वाचतील, काय समजतील, याचा विचार आला तसा गेला. तिनं नंबर काढला. तिकडून येणारा तो एक आवाज, कळमेश्वरच्या त्या न पाहिलेल्या घरातला, तिला इतका हवासा झाला होता की बटण दाबायचं धाडस होईना, आणि फोन खाली ठेवणंही होईना.